वर्ग केलेले पॉइंट परत येत नाहीत: नाशिकच्या एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण 2024 च्या उन्हाळ्यातले आहे. कुटुंब नाशिकचे. बाई एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतात, त्यांच्या यजमानांचा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पॅकेजिंगच्या सामानाचा लहान उद्योग आहे, आणि त्यांची मुलगी नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होती. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव दिलेले नाही आणि रकमा सोयीसाठी जवळच्या पूर्ण आकड्यांत मांडल्या आहेत.

क्रेडिट कार्ड बाईंच्या नावावर होते. यजमानांच्या प्रदर्शनांसाठीच्या विमानप्रवासाची तिकिटे, घरातला किराणा, औषधे, मुलीच्या वेळोवेळच्या खरेद्या हे सारे त्याच एका कार्डावर होत असे. मे 2024 च्या सुरुवातीला त्या कार्डावर 64,000 पॉइंट, म्हणजे खर्चाच्या बदल्यात बँक देते ते बक्षीस गुण, साठले होते. हे पॉइंट बँकेच्या स्वतःच्या प्रवास संकेतस्थळावर वापरले तर एका पॉइंटला एक रुपया मिळे. मात्र विमान कंपन्यांच्या आणि हॉटेलांच्या सदस्य योजनांमध्ये ते वर्ग केले तर एका पॉइंटचे तिथले दोन पॉइंट होत. त्यासाठी बँकेने भागीदार योजनांचे दोन गट पाडले होते. पहिल्या गटात वर्षाला 30,000 पर्यंतच पॉइंट वर्ग करता येत; सिंगापूर एअरलाइन्सची क्रिसफ्लायर आणि अकोर या हॉटेल समूहाची योजना याच गटात होत्या. दुसऱ्या गटाची मर्यादा 1,20,000 पॉइंटची होती आणि एअर फ्रान्स व केएलएम या कंपन्यांची फ्लाइंग ब्लू ही योजना त्यात मोडत होती.

वर्ग करण्याचा व्यवहार एकाच दिशेचा असतो, ही या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची बाब आहे. पॉइंट बँकेत असतात तोवर त्यांचे काहीही करता येते. ते एकदा विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या खात्यात गेले की बँकेत परत आणता येत नाहीत, आणि मग ती योजना जे देईल तेवढेच त्यांचे मोल उरते. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका नियमाभोवती फिरतो.

प्रश्न काय होता

मुलीच्या प्रबंधाचे अंतिम सादरीकरण खुले असते आणि आईवडिलांना त्याला हजर राहता येते. दोघांनाही जायचेच होते. अडचण तारखेची होती. डेल्फ्टमध्ये सर्व विद्यार्थ्यांचे सादरीकरण एकाच दिवशी होत नाही. प्रत्येकाची तारीख त्याच्या कामाच्या प्रगतीनुसार ठरते. सादरीकरणाच्या साधारण महिनाभर आधी मार्गदर्शकांची एक बैठक होते, तिला तिथे ‘ग्रीन लाइट’ म्हणतात, आणि त्या बैठकीत काम पुरेसे झाले आहे असे ठरल्यावरच तारीख पक्की होते. मुलीच्या अंदाजाप्रमाणे सादरीकरण 28 ऑगस्टला व्हायचे होते आणि ग्रीन लाइटची बैठक 24 जुलैला. घरात गौरी-गणपती असतात आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, त्यामुळे 24 ऑगस्टला निघून 3 सप्टेंबरला परतायचे, म्हणजे सणाच्या तयारीला वेळ मिळेल, असा बेत ठरला.

तारीख पक्की होईपर्यंत थांबावे, तर ऑगस्टच्या गर्दीत महिनाभर आधी तिकिटे महाग होतात आणि पॉइंटवर मिळणाऱ्या जागा संपतात. आधीच तिकिटे काढावीत, तर तारीख पुढे गेल्यास नुकसान होते. त्यातच नेदरलँड्ससह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो आणि उन्हाळ्यात भेटीची वेळ सहज मिळत नाही. त्यांना मिळाली ती 1 ऑगस्टची. म्हणजे ग्रीन लाइटची बैठक आणि व्हिसाचा अर्ज यांच्यामध्ये जेमतेम आठवडाभराचे अंतर होते, आणि अर्जासोबत जोडायच्या तिकिटांच्या व हॉटेलच्या तारखा तोवर जुळलेल्या असणे आवश्यक होते.

घाई करावी असे वाटायला आणखी एक कारण होते. सप्टेंबर 2023 मध्ये ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे वर्ग करण्याचे प्रमाण एका तारखेपासून बदलले होते: आधी पाच पॉइंटचे चार माइल (विमान कंपनीच्या योजनेतल्या पॉइंटांना माइल म्हणतात) मिळत, नंतर दोन मिळू लागले. ज्यांनी पॉइंट साठवून ठेवले होते त्यांच्या साठ्याचे मोल त्या दिवशी निम्म्यावर आले. यजमानांच्या ओळखीतल्या एकाच्या बाबतीत हे घडले होते, म्हणून सगळे पॉइंट लगेच कुठल्या तरी विमान कंपनीत टाकून मोकळे व्हावे असा त्यांचा आग्रह होता. बाईंचे म्हणणे असे की प्रमाण बदलण्याचा धोका खरा असला तरी विमान कंपन्याही आपल्या तिकिटांचे माइलमधले दर वाढवत असतात, तेव्हा बँकेतून बाहेर काढल्याने धोका संपत नाही. तो फक्त दुसऱ्या ठिकाणी जातो आणि आपल्या हातातली निवड मात्र जाते. माझ्या मते या चर्चेत बाईंची बाजू भक्कम होती, आणि पुढे ती खरी ठरली.

नावाचा अडसर

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुंबई ते ॲमस्टरडॅम या केएलएमच्या थेट विमानात 24 ऑगस्टला फ्लाइंग ब्लूच्या माइलवर दोन जागा दिसत होत्या. एका बाजूच्या प्रवासाला माणशी 25,000 माइल आणि परतीलाही तेवढेच, शिवाय रोख भरायचे कर व अधिभार. बाईंनी लगेच सगळे पॉइंट वर्ग केले नाहीत. त्यांनी आधी केवळ 500 पॉइंट पाठवून पाहिले, आणि ती विनंती नामंजूर झाली.

कारण नावात होते. बाईंचे बँक खाते लग्नाआधीच्या पहिल्या नोकरीतले. तिथे त्यांचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव होते. पासपोर्टवर राजपत्रातल्या नोंदीनुसार पतीचे नाव आणि सासरचे आडनाव होते. आधार आणि पॅन एकमेकांना जोडताना पॅनवरचे नाव त्यांनी बदलून घेतले होते, पण बँकेच्या कार्डाच्या नोंदीत जुनेच नाव राहिले होते आणि रोजच्या वापरात त्याने कधीच काही अडले नव्हते. फ्लाइंग ब्लूचे खाते मात्र त्यांनी पासपोर्टप्रमाणे उघडले होते. पॉइंट फक्त कार्डधारकाच्या स्वतःच्या खात्यात वर्ग होतात, आणि स्वतःचे खाते कोणते हे दोन्हीकडची नावे जुळवूनच ठरते. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेल्या असंख्य स्त्रियांच्या कागदपत्रांत अशी दोन नावे वर्षानुवर्षे शेजारी शेजारी राहतात, म्हणून या अडचणीकडे अपवाद म्हणून पाहता येत नाही.

इथे दोन मार्ग होते. फ्लाइंग ब्लूचे खाते बँकेतल्या जुन्या नावाने नव्याने उघडायचे आणि त्यातून पासपोर्टवरच्या नावाने प्रवासी म्हणून स्वतःचेच तिकीट काढायचे, हा एक. या योजनेत खातेदाराला दुसऱ्यांसाठीही तिकीट काढता येते, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ते जमले असते. दुसरा मार्ग बँकेतली नोंद दुरुस्त करण्याचा. पहिला मार्ग झटपट होता, पण जुन्या नावाचे कोणतेही चालू ओळखपत्र त्यांच्याकडे नव्हते, आणि उद्या विमान कंपनीने खातेदाराची ओळख विचारली असती तर दाखवायला काही उरले नसते. बाईंनी दुसरा मार्ग धरला. राजपत्राची प्रत, पॅन आणि आधार घेऊन त्या शाखेत गेल्या. बचत खात्याचे नाव आधी बदलले, कार्डाच्या नोंदीत ते उतरायला आणखी वेळ लागला, आणि सारे मिळून तीन आठवडे गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा 500 पॉइंट पाठवले तेव्हा ते त्याच दिवशी 1,000 माइल होऊन खात्यात जमा झाले.

या तीन आठवड्यांत त्याच विमानाचा दर एका बाजूला 25,000 वरून 28,000 माइलवर गेला. फ्लाइंग ब्लूत ठरावीक तक्ता नसतो. मागणीप्रमाणे दर वरखाली होतात. दोघांचे जाणे-येणे धरून 12,000 माइल, म्हणजे बँकेचे 6,000 पॉइंट अधिक लागणार होते. नाव न जुळण्याची ही किंमत ठरली.

पर्याय आणि हिशेब

जूनमध्ये त्यांच्यासमोर असलेल्या वाटांपैकी काही लवकरच बाजूला पडल्या. बँकेच्या संकेतस्थळावर 64,000 पॉइंटचे 64,000 रुपये होत होते. हा तळाचा दर म्हणून उपयोगी होता, त्यापलीकडे त्यात काही नव्हते. क्रिसफ्लायरच्या माइलवर स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या लुफ्तान्सा किंवा स्विस या कंपन्यांच्या विमानाने फ्रँकफुर्ट अथवा झुरिकमार्गे जाता आले असते, पण भागीदार कंपन्यांच्या जागा त्या काळात दोघांसाठी एकत्र मिळत नव्हत्या, आणि क्रिसफ्लायरला दिलेले पॉइंट अकोरच्याच 30,000 च्या मर्यादेतून वजा होणार होते.

यजमानांना गुडघेदुखी आहे. जवळपास नऊ तासांच्या प्रवासात पाय लांब करून झोपता यावे म्हणून निदान जाताना तरी बिझनेस वर्गाने जावे, असे त्यांच्या मनात होते. कागदावर हा पर्याय फार आकर्षक दिसत होता, कारण बिझनेस वर्गाच्या रोख तिकिटाची किंमत भरमसाट असते आणि तिला लागणाऱ्या माइलने भागले की प्रत्येक माइलचे मोल फुगून दिसते. इथे बाईंनी विचारलेला प्रश्न मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत नेमका वाटतो: पॉइंट नसते तर हे तिकीट आपण पैसे देऊन काढले असते का? उत्तर नाही असे होते. मग त्या रोख किमतीशी तुलना करून निघणारी बचत ही बचत नव्हे. गुडघ्यासाठी कडेची, पुढे मोकळी जागा असलेली सीट जादा पैसे भरून घ्यायची असे ठरले आणि तो विषय संपला.

उरल्या दोन गोष्टी, विमान आणि हॉटेल. मुलीच्या विद्यार्थी वसतिगृहातल्या एका खोलीत आईवडिलांना राहता येणार नव्हते, त्यामुळे दहा रात्रींचे हॉटेल लागणारच होते. द हेगमध्ये अकोर समूहाची हॉटेले आहेत आणि तिथून डेल्फ्टला एक नंबरची ट्राम थेट जाते. अकोरच्या योजनेत मोल ठरलेले असते: 2,000 पॉइंटला 40 युरो. तेव्हा युरो सुमारे 90 रुपयांना होता, म्हणजे 2,000 अकोर पॉइंटचे 3,600 रुपये, आणि ते मिळवायला बँकेचे 1,000 पॉइंट पुरत. थोडक्यात, बँकेच्या एका पॉइंटला 3 रुपये 60 पैसे. शिवाय परदेशात कार्डाने बिल भरले की अनेक भारतीय कार्डांवर साडेतीन टक्के चलन अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो, तोही तेवढ्या रकमेपुरता वाचणार होता.

विमानाचे गणित एवढे गोड नव्हते. केएलएमचे जाण्यायेण्याचे सर्वांत स्वस्त रोख तिकीट माणशी 85,000 रुपये होते. माइलवर काढले तर माणशी 56,000 माइल आणि वर 27,000 रुपये कर व अधिभार. पॉइंटवरचे तिकीट फुकट असते हा समज इथे पुसला जातो. बचत 58,000 रुपयांची, खर्च बँकेच्या 28,000 पॉइंटचा. म्हणजे पॉइंटमागे साधारण 2 रुपये 7 पैसे.

नुसत्या आकड्यांकडे पाहिले तर उत्तर सोपे होते. अकोरमध्ये मर्यादेइतके 30,000 पॉइंट टाकून 1,08,000 रुपयांचे हॉटेल मिळवायचे, 28,000 पॉइंटांत एकाचे तिकीट काढून 58,000 वाचवायचे, उरलेल्या 6,000 पॉइंटांचे मोल पॉइंटला एक रुपया धरायचे आणि दुसऱ्याचे तिकीट रोख घ्यायचे. एकूण लाभ 1,72,000 रुपये. याउलट दोघांची तिकिटे माइलवर काढली तर 56,000 पॉइंटांत 1,16,000 रुपये वाचत, उरलेले 8,000 पॉइंट अकोरमध्ये टाकून 28,800 रुपये मिळत, आणि बेरीज 1,44,800 वर थांबत होती. पहिली वाट 27,200 रुपयांनी सरस होती.

मात्र 85,000 रुपयांच्या त्या रोख तिकिटाची तारीख बदलायची तर दंड आणि दरातला फरक भरावा लागणार होता, आणि ते रद्द केल्यास फारसे काही परत मिळणार नव्हते. तारीख मोकळेपणाने बदलता येणारे रोख तिकीट 1,08,000 रुपयांना होते, म्हणजे 23,000 रुपयांनी महाग. फ्लाइंग ब्लूचे माइलवरचे तिकीट प्रस्थानापूर्वी ठरावीक शुल्क भरून बदलता किंवा रद्द करता येते आणि रद्द केल्यास माइल खात्यात परत जमा होतात. तारीख हलण्याची शक्यता इतकी स्पष्ट असताना बरोबरीची तुलना बदलता येणाऱ्या तिकिटाशीच करायला हवी होती. तशी केल्यावर दोन वाटांमधला फरक 27,200 वरून 4,200 रुपयांवर आला. त्यातही पहिल्या वाटेत नवराबायको दोन वेगवेगळ्या आरक्षणांवर प्रवास करणार होते. तारीख बदलताना एकाला जागा मिळाली आणि दुसऱ्याला नाही, अशी वेळ येऊ शकत होती.

निर्णय आणि कृती

दोघांची तिकिटे माइलवर, एकाच आरक्षणात काढायची असे ठरले. 500 पॉइंट आधीच गेले होते, आणखी 55,500 पाठवून एकूण 1,12,000 माइल पुरे झाले आणि त्याच संध्याकाळी तिकिटे निघाली. वर्ग करण्याआधी बाईंनी दोन्ही बाजूंच्या जागा त्या क्षणी उपलब्ध आहेत हे प्रवाशांची संख्या दोन टाकून, शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाहिले. एका प्रवाशासाठी दिसणारा दर दोघांसाठी पुष्कळदा निराळा असतो, म्हणून ही सवय महत्त्वाची आहे.

हॉटेलच्या बाबतीत त्यांनी नेमके उलट केले, आणि या प्रकरणातला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय मला हाच वाटतो. विमानाची जागा माइलवर धरायची तर माइल हातात लागतात, पण अकोरचे हॉटेल ऐनवेळेपर्यंत विनाशुल्क रद्द करता येणाऱ्या दराने, आगाऊ रक्कम न भरता आरक्षित करता येते आणि पॉइंट मुक्कामाच्या वेळी बिलातून वळते करून घेता येतात. मोल ठरलेले असल्यामुळे लवकर वर्ग करण्यात काही फायदा नव्हता. म्हणून उरलेले 8,000 पॉइंट त्यांनी बँकेतच ठेवले. पहिल्या आठवड्यातच सगळे निकालात काढावे हा यजमानांचा आग्रह तेव्हाही कायम होता.

तारीख पुढे गेली

24 जुलैच्या बैठकीत मार्गदर्शकांनी मुलीच्या कामाला होकार दिला नाही. एका प्रयोगाची मोजमापे पुन्हा घ्यावीत असे सुचवले आणि नवी बैठक ऑगस्टच्या मध्यावर ठेवली. त्यात होकार आला तर सादरीकरण 18 सप्टेंबरला. ही तारीखही तशी अंदाजाचीच, पण आता निदान वेळापत्रकातली जागा राखून ठेवलेली होती. घरच्या गणपतीचे विसर्जन गौरींबरोबर 12 सप्टेंबरला व्हायचे होते, तेव्हा 14 ला निघून 24 ला परतता येत होते.

व्हिसाच्या भेटीला आठ दिवस राहिले होते. पहिला विचार जुनी तिकिटे रद्द करून नवी काढण्याचा होता. संकेतस्थळावर तो सर्वांत सोपा दिसतो, पण रद्द केल्यावर माइल जमा व्हायला वेळ लागला आणि दरम्यान नव्या जागा गेल्या, तर दोन्ही हातचे जाणार होते. नवी तिकिटे आधी काढण्याइतके माइल तर शिल्लकच नव्हते. म्हणून बाईंनी ग्राहक सेवा केंद्राला फोन करून त्याच आरक्षणाची तारीख बदलून मागितली. नव्या तारखांना जाण्याचा दर 26,500 आणि येण्याचा 31,000 माइल होता. माणशी 57,500, म्हणजे दोघांचे मिळून 3,000 माइल कमी पडत होते.

ते 3,000 माइल आले बँकेत ठेवलेल्या पॉइंटांतून. 1,500 पॉइंट वर्ग केले, काही वेळातच माइल जमा झाले, आणि बदलाचे शुल्क भरून त्याच दिवशी तिकिटे बदलली. जूनमध्ये उरलेले 8,000 पॉइंट अकोरमध्ये टाकले असते तर या क्षणी फ्लाइंग ब्लूत पाठवायला फारच थोडे राहिले असते. अकोरचे पॉइंट बँकेत परत येत नाहीत, त्यांनी विमानाचा 3,000 माइलचा खड्डा वेळेत भरला गेला असता याची खात्री नव्हती. हॉटेलचे आरक्षण रद्द करून नव्या तारखांचे घेतले, तिथे एक पैसाही गेला नाही. फक्त सप्टेंबरचा दर रात्रीला 125 युरोऐवजी 135 युरो होता.

1 ऑगस्टला बदललेल्या तिकिटांसह आणि हॉटेलच्या आरक्षणासह व्हिसाचा अर्ज गेला. ऑगस्टच्या मध्यावर ग्रीन लाइट मिळाला, त्यानंतर पासपोर्ट व्हिसासह हातात आले, आणि मगच बाईंनी अकोरचा व्यवहार केला. जून ते ऑगस्टमधल्या खर्चावर आणि वार्षिक खर्चाचा टप्पा गाठल्याबद्दल मिळून सुमारे 9,000 पॉइंट नव्याने आले होते. शिल्लक 15,500 पैकी 15,000 वर्ग झाले, त्याचे 30,000 अकोर पॉइंट, म्हणजे 600 युरो.

निष्पत्ती

दोघेही 18 सप्टेंबरला सभागृहात होते. हॉटेलच्या 1,350 युरोपैकी 600 युरो पॉइंटांतून गेले, बाकीचे आणि शहराचा पर्यटन कर त्यांनी आधी भरून नेलेल्या फॉरेक्स कार्डाने दिले. युरो तोवर 93 रुपयांच्या आसपास गेला होता, त्यामुळे अकोरमध्ये गेलेल्या प्रत्येक पॉइंटला 3 रुपये 70 पैशांच्या वर मोल मिळाले. विमानाच्या बाबतीत, जूनच्या स्वस्त रोख दराशी तुलना केली तर पॉइंटला 2 रुपयांच्या आसपासच पडले, आणि बदलाचे शुल्क धरले तर त्याहून थोडे कमी. पण ते स्वस्त रोख तिकीट त्यांच्या उपयोगाचे नव्हतेच, कारण त्यावरची तारीख बदलताना दंड आणि फरक दोन्ही दोन प्रवाशांसाठी भरावे लागले असते.

काय वेगळे करता आले असते

नावाची तपासणी जानेवारीत, मुलीने अंदाजे तारीख सांगितली त्याच वेळी करता आली असती. पॉइंट वर्ग करायचे नसले तरी सदस्य खाते उघडून, बँकेत जोडून आणि एक लहान रक्कम पाठवून पाहण्याने काहीच अडत नव्हते. मे ते जून या काळात दर वाढल्यामुळे गेलेले 6,000 पॉइंट अकोरमध्ये 240 युरो झाले असते, म्हणजे जवळपास दोन रात्रींचा मुक्काम. पॉइंट साठवणाऱ्या लोकांचे सारे लक्ष कोणत्या योजनेत किती मोल मिळते यावर असते, आणि या प्रकरणातले सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे नुकसान मात्र बँकेतल्या एका जुन्या नोंदीमुळे झाले, हे मला ठळकपणे नोंदवावेसे वाटते.

दुसरी बाब सुरुवातीच्या तारखेची. ग्रीन लाइटची बैठक होण्याआधी ऑगस्टची तिकिटे काढणे कितपत योग्य होते? तिकिटे बदलता येणारी होती म्हणून ते निभावले, पण मुलीला मे महिन्यातच प्रयोग मागे पडत असल्याची कल्पना होती. आईवडिलांचा हिरमोड होऊ नये म्हणून तिने ते उशिरा सांगितले. ते वेळीच कळले असते तर सप्टेंबरच्या जागा जूनमध्येच पाहता आल्या असत्या, आणि कदाचित परतीचे 31,000 माइल लागले नसते. इथे दोष कुणाचा नाही. मात्र पॉइंटांचा हिशेब मांडताना ज्याच्या तारखेवर तो उभा आहे त्याला धोक्याचा अंदाज स्पष्ट शब्दांत विचारायला हवा.

अकोरची 30,000 ची मर्यादा निम्मीच वापरली गेली, याबद्दल यजमानांना आजही हळहळ वाटते. त्यांचा मुद्दा हिशेबाने बरोबर आहे: तिथे मोल सर्वाधिक होते. तरीही मला बाईंचा निर्णय योग्य वाटतो. 4,200 रुपयांच्या फरकासाठी दोन आरक्षणे आणि दोन प्रकारच्या अटी सांभाळणे परवडणारे नव्हते, आणि जुलैच्या त्या आठ दिवसांत दोघांची तिकिटे एकाच फोनवर बदलली गेली ती एका आरक्षणामुळेच. तारीख पक्की असती, समजा लग्नाचा मुहूर्त किंवा परिषदेची तारीख असती, तर मात्र मीही पहिली वाट सुचवली असती.

या प्रवासानंतर दोन गोष्टी बदलल्या. फ्लाइंग ब्लूच्या खात्यात आता काही उरलेले नाही आणि बाईंनी ते मुद्दाम तसेच ठेवले आहे. तिथले माइल दोन वर्षे खात्यात पात्र विमानप्रवासासारखी ठरावीक हालचाल नसेल तर बाद होतात, आणि पुढचा प्रवास ठरेपर्यंत त्यात भर घालायचे कारण नाही. दुसरे म्हणजे, 2024 च्या अखेरीपासून काही बँका पॉइंट वर्ग करण्याच्या प्रत्येक व्यवहारावर शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी आकारू लागल्या आहेत. त्यामुळे थोडेथोडे पॉइंट अनेकदा पाठवणे पूर्वीसारखे स्वस्त राहिलेले नाही. तरी नव्या योजनेत पहिल्यांदा पाठवताना ती लहान चाचणी शुल्क भरूनही करावी, आणि उरलेली सारी रक्कम जागा समोर दिसत असताना एकाच वेळी पाठवावी, असे बाईंनी आता ठरवले आहे. यजमानांच्या स्वतःच्या कार्डावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव जुळते का, हेही त्यांनी तपासून घेतले. त्यांच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव पूर्ण आहे, कार्डावर फक्त आद्याक्षर. त्या दुरुस्तीचा अर्ज बँकेत दिलेला आहे.